घरचा सर्व्हर बाहेरून उघडत नाही? पोर्ट फॉरवर्डिंगच्या आधी हे दोन आकडे जुळवून पाहा

भिवंडीत घर एकीकडे आणि धंदा दुसरीकडे ही नेहमीची गोष्ट. घर कामतघरला, यंत्रमागाचा कारखाना शांतीनगरला आणि मालाचा गाळा काल्हेर किंवा माणकोलीच्या गोदामांत. अशा वेळी हिशेब घरच्या कॉम्प्युटरवर ठेवायचे आणि गोदामातून मोबाईलवर पाहायचे, किंवा कारखान्यातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग घरी बसून बघायचं, असं अनेकांना वाटतं. कुणी जुन्या कॉम्प्युटरवर घरच्या सगळ्या फोटोंचा साठा करतो, कुणी स्वतःची छोटी वेबसाईट चालवतो.

घरात वायफायवर सगळं झकास चालतं. बाहेर पडून मोबाईल डेटावर तोच पत्ता टाकला की चक्र फिरत राहतं आणि शेवटी पान उघडतच नाही. मग राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून पोर्ट फॉरवर्डिंगचे व्हिडिओ बघत दोन-तीन रात्री जातात. कुणी टेक्निशियनला पैसे देतं, कुणी वैतागून राउटरची सगळी सुरक्षाच बंद करून टाकतं.

यातला बराचसा त्रास दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर वाचतो. ते आकडे कोणते, कुठे सापडतात आणि त्यांच्यावरून पुढे काय करायचं, ते क्रमाने पाहूया.

सर्व्हर म्हणजे नेमकं काय?

सर्व्हर हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या यंत्राने मागितलेली माहिती जो देतो तो सर्व्हर. घरचा साधा डेस्कटॉप, लॅपटॉप, छोटा रास्पबेरी पाय किंवा कॅमेऱ्यांचा डीव्हीआर हे सगळे सर्व्हरच. या लेखातल्या पायऱ्या सगळ्यांना सारख्याच लागू पडतात.

गोदामाचं गेट आणि वॉचमन

अडचण समजून घ्यायला माणकोलीकडच्या एखाद्या गोदाम संकुलाची कल्पना करा. आत शंभर गाळे, पण रस्त्यावर गेट एकच. बाहेरच्या जगाला फक्त संकुलाचा पत्ता माहीत आहे.

तुमच्या गाळ्यातून टेम्पो बाहेर गेला की वॉचमन वहीत नोंद करतो. तो परत आला की नोंद बघून त्याला बरोबर तुमच्या गाळ्याकडे सोडतो. पण एखादा अनोळखी टेम्पो फक्त संकुलाचा पत्ता घेऊन आला, तर वॉचमनला कळत नाही की याला कुठे पाठवायचं. तो त्याला गेटवरूनच परत पाठवतो.

तुमचा राउटर हाच वॉचमन आहे. तुम्ही घरातून यूट्यूब उघडता तेव्हा मागणी आतून बाहेर जाते, नोंद होते आणि उत्तर परत येतं. पण बाहेरून कुणी तुमच्या सर्व्हरची मागणी केली, तर वहीत नोंदच नसते आणि ती मागणी गेटवरच थांबते. या नोंदवहीच्या पद्धतीला नॅट म्हणतात.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे वॉचमनला आधीच दिलेली सूचना: ‘८४४३ नंबर सांगत कुणी आलं, तर त्याला ५० नंबरच्या गाळ्याकडे सोड.’ पोर्ट म्हणजे हा ८४४३ नंबर. सूचना बरोबर असेल, तर अनोळखी टेम्पोही बरोबर जागी पोहोचतो.

मात्र तुमच्या गेटच्या पुढे, नाक्यावर आणखी एक गेट असेल तर? तिथला वॉचमन तुमचा पगारी नाही. त्याला तुमची सूचना माहीत नाही आणि तुम्ही ती देऊही शकत नाही. मग तुमच्या गेटवर कितीही सूचना लावा, टेम्पो तिथपर्यंत येतच नाही. आज अनेक घरगुती ब्रॉडबँड जोडण्यांची हीच स्थिती आहे.

पायरी १: घरात चालतोय ना, ते पक्कं करा

सर्व्हर ज्या यंत्रावर आहे त्याच यंत्रावर नव्हे, तर त्याच वायफायवरच्या दुसऱ्या मोबाईलवरून तो उघडून पाहा. समजा सर्व्हरचा घरातला पत्ता १९२.१६८.१.५० आहे आणि पोर्ट ८४४३ आहे, तर ब्राउझरमध्ये पत्ता, त्यापुढे दोन टिंबं आणि पोर्ट असं टाकायचं. विंडोजवर घरातला पत्ता कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजीत टाईप केल्यावर दिसतो.

दुसऱ्या मोबाईलवरून उघडत नसेल तर इंटरनेटचा काही दोष नाही. बहुतेक वेळा दोनांपैकी एक कारण असतं.

पहिलं, प्रोग्राम फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकतोय. हा पत्ता म्हणजे यंत्र स्वतःशीच बोलतंय. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये तो ०.०.०.० किंवा यंत्राचा घरातला पत्ता असा करावा लागतो.

दुसरं, कॉम्प्युटरची फायरवॉल. राउटर बदलला किंवा नवीन वायफाय जोडलं की विंडोज त्या नेटवर्कला ‘पब्लिक’ समजू शकतं आणि बाहेरून येणाऱ्या मागण्या बंद करतं. घरचं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा आणि फायरवॉलमध्ये फक्त तुमच्या प्रोग्रामला परवानगी द्या. पूर्ण फायरवॉल बंद करू नका.

पायरी २: बाहेरची चाचणी खरंच बाहेरून करा

घरच्या वायफायवर बसून स्वतःचा बाहेरचा पत्ता टाकून पाहणं ही चाचणी नव्हे. अनेक राउटर आतून निघून वळसा घालून पुन्हा आत येणारी मागणी नीट हाताळत नाहीत. त्यामुळे बाहेरून सगळं ठीक असूनही घरात ‘उघडत नाही’ असं दिसू शकतं. मोबाईलचं वायफाय बंद करा, व्हीपीएन असेल तर तेही बंद करा आणि मोबाईल डेटावरून पाहा.

आता जो एरर येतो तो नीट वाचा, कारण त्यातच निम्मं निदान असतं.

‘टाइम्ड आउट’ आलं, म्हणजे बराच वेळ वाट पाहूनही कुणी उत्तर दिलं नाही. मागणी वाटेत कुठेतरी गिळली गेली: नाक्यावरच्या गेटवर, तुमच्या राउटरवर किंवा फायरवॉलवर.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं, म्हणजे कुणीतरी उत्तर दिलं, पण त्या पोर्टवर कुणी बसलेलं नाही असं सांगितलं. इथे बहुधा पोर्ट नंबर चुकलेला असतो किंवा सर्व्हरचा प्रोग्राम बंद पडलेला असतो.

‘सर्व्हर सापडला नाही’ किंवा ‘डीएनएस’ असा शब्द दिसला, तर मागणी अजून निघालीच नाही. तुम्ही टाकलेल्या नावाचा आकडी पत्ता मिळत नाहीये. नावाऐवजी थेट आकडी पत्ता टाकून पाहा.

आणि ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा प्रमाणपत्राचा इशारा आला, तर एका अर्थाने बातमी चांगली आहे. पत्ता तुमचाच असेल, तर मागणी घरापर्यंत पोहोचली आहे.

पायरी ३: ते दोन आकडे

पहिला आकडा राउटरमध्ये मिळतो. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या खालच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. आत ‘वॅन’, ‘इंटरनेट’ किंवा ‘स्टेटस’ नावाच्या पानावर वॅन आयपी दिसतो. तो कागदावर लिहून घ्या.

दुसरा आकडा जगाला दिसणारा. त्याच घरच्या वायफायवरून गूगलवर ‘व्हॉट इज माय आयपी’ असं इंग्रजीत शोधा. लांबलचक, अक्षरं आणि दोन टिंबं असलेला पत्ता आला तर तो आयपीव्ही६ आहे. आपल्याला इथे चार आकड्यांचा, मध्ये टिंबं असलेला आयपीव्ही४ पत्ता हवा. तोही लिहा.

दोन्ही आकडे तंतोतंत सारखे असतील, तर तुमच्याकडे पब्लिक आयपी आहे. नाक्यावर दुसरं गेट नाही. पोर्ट फॉरवर्डिंग काम करू शकतं.

दोन्ही वेगळे असतील, तर मधे आणखी एक गेट आहे. ते कुणाचं, हे राउटरमधला आकडा सांगतो:

• १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत सुरू होणारा: हे गेट इंटरनेट कंपनीचं आहे. याला सीजीनॅट म्हणतात.
• १९२.१६८, १०, किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारा: हे खाजगी पत्ते. गेट तुमच्याच घरातल्या दुसऱ्या डब्याचं असू शकतं किंवा केबलवाल्याचं.
• यातला कोणताही नाही, तरीही दोन्ही आकडे वेगळे: हेही कंपनीचंच गेट समजा.

घरात फायबरचा एक डबा आणि त्याला जोडलेला तुमचा स्वतःचा राउटर असे दोन डबे असतील, तर दोघेही वॉचमनगिरी करत असतात. कंपनीला फायबरचा डबा ‘ब्रिज मोड’वर टाकायला सांगा, म्हणजे तो नुसता वायर पुढे नेईल आणि गेट एकच राहील. मग दोन आकडे पुन्हा जुळवून पाहा.

कंपन्या असं का करतात?

यात तुमच्याविरुद्ध काही डाव नाही. आयपीव्ही४ मध्ये एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि तेही सगळ्या जगासाठी. २०११ च्या जनगणनेत एकट्या भारताची लोकसंख्या १२१ कोटी होती. त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटले गेले आणि १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आला. त्यानंतर नवे पत्ते अगदी मोजून मापून मिळू लागले.

ज्या छोट्या कंपन्या आणि केबलचालक यानंतर इंटरनेटच्या धंद्यात आले, त्यांच्याकडे ग्राहक जास्त आणि पत्ते थोडे. म्हणून एकाच पब्लिक पत्त्यामागे अनेक घरं बसवली जातात. या मधल्या गेटसाठी २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा सुमारे ४२ लाख पत्त्यांचा पट्टा वेगळा राखला गेला. व्हॉट्सॲप, यूट्यूब, बँकेचं ॲप यांना काहीच फरक पडत नाही, कारण तिथे मागणी आपणच आतून बाहेर पाठवतो. फटका बसतो तो घरी सर्व्हर ठेवणाऱ्याला.

आकडे जुळले, तरी उघडत नसेल तर

घरातला पत्ता बदलला का? राउटर प्रत्येक यंत्राला तात्पुरता पत्ता वाटतो. लाइट जाऊन आली की आज ५० नंबर सर्व्हरला, तर उद्या कुणाच्या तरी मोबाईलला मिळू शकतो. सूचना मात्र ५० नंबरचीच राहते. राउटरमध्ये ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ किंवा ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ करून सर्व्हरचा पत्ता कायमचा बांधून टाका.

नियम बरोबर लिहिलाय का? बाहेरचं पोर्ट, आतलं पोर्ट, आतला पत्ता आणि टीसीपी की यूडीपी, या चार गोष्टी एकेक करून जुळवा. वेबसाईटसाठी टीसीपी लागतं. वायरगार्डला यूडीपी लागतं.

पोर्ट कंपनीने बंद केलंय का? घरगुती जोडणीवर ८०, २५, ४४५ अशी पोर्ट काही कंपन्या बंद ठेवतात. बाहेरचं पोर्ट बदलून ८४४३ सारखं ठेवा. त्यावर चाललं तर उत्तर मिळालं.

बाहेरचा पत्ता बदलला का? पब्लिक आयपी असला तरी तो कायमचा असेलच असं नाही. राउटर पुन्हा सुरू झाला की नवा मिळू शकतो. त्यावर उपाय म्हणजे डायनॅमिक डीएनएस: एक नाव घ्यायचं आणि पत्ता बदलला की ते नाव आपोआप नव्या पत्त्याकडे वळतं. आकडी पत्त्याने उघडतं पण नावाने नाही, असं झालं तर हीच सेवा तपासा. आणि लक्षात ठेवा, सीजीनॅट असताना डायनॅमिक डीएनएसचा उपयोग नाही. ते नाव तुम्हाला नाक्यावरच्या गेटपर्यंतच नेऊन सोडेल.

सीजीनॅट निघालं तर चार वाटा

१. पब्लिक स्टॅटिक आयपी मागा. अनेक कंपन्या वेगळं भाडं घेऊन देतात. पैसे भरण्याआधी ‘पब्लिक’ हा शब्द नक्की विचारा. नुसतं ‘स्टॅटिक’ म्हणजे न बदलणारा, आणि खाजगी पत्ताही न बदलणारा असू शकतो. केबलवाल्याला असा मेसेज पाठवता येईल:

‘भाऊ, माझ्या कनेक्शनला पब्लिक आयपी आहे की सीजीनॅट? पब्लिक स्टॅटिक आयपी मिळेल का, आणि त्याचं भाडं किती? आतमध्ये येणारी कोणती पोर्ट बंद ठेवली आहेत?’

नवा पत्ता मिळाल्यावर दोन आकडे पुन्हा जुळवा आणि मगच पूर्ण पैसे द्या.

२. आयपीव्ही६ वापरा. यात पत्ते इतके आहेत की घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा पब्लिक पत्ता मिळतो आणि नॅटची गरजच राहत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर भारतात आयपीव्ही६ झपाट्याने पसरलं आणि आज याच्या वापरात भारत जगात आघाडीच्या देशांत आहे. पण दोन अटी आहेत. बघणाऱ्याच्या जोडणीवरही आयपीव्ही६ हवं, आणि राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या एका यंत्राच्या त्या एका पोर्टला परवानगी द्यावी लागते. पत्ता असला तरी वॉचमन तिथेही उभा असतोच.

३. टनेल करा. नाक्यावरचा वॉचमन बाहेर जाणाऱ्याला अडवत नाही, याचा हा फायदा. घरचा सर्व्हर स्वतः बाहेरच्या एका ठिकाणाशी जोडणी करून ती चालू ठेवतो आणि बघणारे त्याच वाटेने आत येतात. फक्त घरच्या माणसांनाच बघायचं असेल तर टेलस्केल सोयीचं. सर्व्हरवर आणि प्रत्येकाच्या मोबाईलवर ते टाकून एकाच खात्याशी जोडायचं, राउटरला हातही लावावा लागत नाही. वेबसाईट सगळ्यांना दाखवायची असेल तर क्लाउडफ्लेअर टनेल, पण कायमच्या पत्त्यासाठी स्वतःचं डोमेन लागतं. महिन्याच्या भाड्याने बाहेरचा छोटा सर्व्हर घेऊन वायरगार्डनेही हेच करता येतं.

४. डीव्हीआर असेल तर कंपनीची क्लाउड सोय. आजकाल बहुतेक डीव्हीआरवर क्यूआर कोड स्कॅन करून मोबाईल ॲपमध्ये जोडायची सोय असते. हाही एक प्रकारचा टनेलच. फक्त कॅमेरेच बघायचे असतील तर स्टॅटिक आयपीवर खर्च करायची गरज बहुधा पडत नाही.

लाइट गेली, आली आणि सर्व्हर गायब

काल चालत होतं आणि आज नाही, असं असेल तर सेटिंग उचकण्याआधी विजेचा विचार करा. लाइट आल्यावर राउटर आपोआप सुरू होतो, कॉम्प्युटर मात्र बंदच राहतो. बायोसमध्ये ‘एसी पॉवर रिकव्हरी’ किंवा तशा नावाची सेटिंग असते, ती ‘ऑन’ केली की लाइट आल्यावर कॉम्प्युटर स्वतः सुरू होतो. विंडोजची ‘स्लीप’ बंद करा. सर्व्हरचा प्रोग्राम लॉगिन न करताही सुरू होतो का, तेही एकदा पाहा. इन्व्हर्टरवर फक्त राउटर टाकून भागत नाही, फायबरचा डबाही त्यावर हवा.

दार उघडताना एवढं लक्षात ठेवा

बाहेरून तुम्हाला दिसतं, म्हणजे बाकी जगालाही ते दार दिसतं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले डीव्हीआर, कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याची युक्ती साधी होती. कंपनीने दिलेले साठेक ठरावीक पासवर्ड एकामागून एक टाकून बघायचे. त्याच उपकरणांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या डीएनएस कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत अनेकांना काही तास मिळेनाशा झाल्या. त्या उपकरणांच्या मालकांना बहुधा पत्ताही नव्हता.

म्हणून कंपनीचा मूळ पासवर्ड आधी बदला आणि डीव्हीआर-राउटरचं सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा. काही केल्या चालत नाही म्हणून सर्व्हर ‘डीएमझेड’मध्ये टाकू नका, कारण त्याने सगळी दारं एकदम उघडतात. विंडोजचं रिमोट डेस्कटॉप, म्हणजे ३३८९ पोर्ट, थेट इंटरनेटवर कधीच उघडू नका. हिशेबाच्या कॉम्प्युटरसाठी टेलस्केल किंवा वायरगार्डचीच वाट धरा. एका चुकीच्या दारातून आलेला माणूस वर्षभराचे हिशेब कुलूपबंद करून खंडणी मागू शकतो.

थोडक्यात तपासणीचा क्रम

१. सर्व्हर चालू आहे का? घरातल्या दुसऱ्या मोबाईलवर उघडतो का?
२. मोबाईल डेटावर कोणता एरर येतो?
३. राउटरमधला वॅन आयपी आणि बाहेर दिसणारा आयपी सारखे आहेत का?
४. सारखे असतील: घरातला पत्ता, पोर्टचा नियम, बंद पोर्ट, डायनॅमिक डीएनएस.
५. वेगळे असतील: घरात दोन डबे आहेत का? नसतील तर पब्लिक स्टॅटिक आयपी, आयपीव्ही६ किंवा टनेल.
६. चालू झाल्यावर पासवर्ड, अपडेट आणि नको असलेले जुने नियम काढून टाकणं.

तिसऱ्या पायरीला पाच मिनिटं लागतात, आणि पोर्ट फॉरवर्डिंगवर रात्र घालवायची की केबलवाल्याला फोन करायचा हे तीच ठरवते. तुमच्या ओळखीत कुणी राउटरशी झगडत बसला असेल, तर आधी त्याच्याकडून ते दोन आकडे मागवा.